पहिल्या गाडीपुढं

खोटं कशाला बोलू, मला माझ्या हातच्या कामाचा गर्व हाय. गर्वाचं घर खाली म्हणतात. असेल बाई. पण मी केलेला कोबा काही खाली गेलेला न्हाई. वालूरच्या बाजारात जा, अप्पांच्या आडतीच्या फाटकातून आत शिरा आन् पायाखाली बघा. किती पावसाळे गेले, किती गाड्या गेल्या, देव जाणे. एक भेग दाखवा, मी नाव बदलून घेईन.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, मोठी लढाई पेटायच्या थोडी आधीची. माझं सासर गवंड्याचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, चुन्याचे मिस्त्री म्हणून पंचक्रोशीत गाजलेले. देवळाचा ओटा असो, वाण्याचं दुकान असो, कुणाच्या घरची न्हाणी असो, पक्की जमीन करायची म्हणलं की लोक आमच्या दारी यायचे. तेव्हाची पक्की जमीन म्हणजे चुन्याचा कोबा. भाजलेली चुनखडी पाण्यात विझवायची, वाळू आन् विटांची भुकटी घालून घाणीत दळायची. घाणी म्हणजे जमिनीतला गोल चर. त्यात दगडी चाक, चाक फिरवायला बैल, आन् बैलांच्या मागं माझा नवरा. बैल दोन, नवरा एक, तिघंही सारखेच गरीब.

दळलेला चुना लगेच वापरायचा न्हाई. खड्ड्यात घालायचा, वर ओलं गोणपाट टाकायचं आन् रात्रभर मुरू द्यायचा. दोन दिवस मुरला तर आणखी बरा. मग खडीत कालवून अंथरायचा आन् आमी बाया ओळीनं बसून लाकडी चोपणीनं तो चोपायचो. एक दिवस न्हाई, सात-सात दिवस. गुळाचं आन् बेलफळाचं पाणी शिंपडत, गाणी म्हणत, चोपणी हातात टणाटण उडायला लागेस्तोवर. चोपणाऱ्या बायांची म्होरकी माझी सासू. तिच्या चोपणीचा आवाज पलीकडच्या गल्लीत बसून वळखू यायचा.

आमच्या घरात दोन रिवाज लय कडक होते. पहिला असा, की सुनेनं सासऱ्याशी बोलायचं न्हाई. काही सांगायचं असलं तर दाराआड उभं राहून सासूला सांगायचं, मग सासू मामंजींना सांगणार. मामंजी चार हातांवर बसलेले असायचे, माझा शब्द न् शब्द त्यांच्या कानावर पडायचा, तरी सासूनं सांगेस्तोवर आपले ढिम्म. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण आमचं एकमेकांशी एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं. मला तर कधी कधी हसू आवरायचं न्हाई, पदर तोंडात कोंबून आत पळायचे.

दुसरा रिवाज मामंजींच्या आज्यापासूनचा. नव्या कोब्यावर पहिली भरलेली गाडी चढली की कोबा करणारानं तिच्या पुढं अनवाणी चालायचं. जमीन धसायला लागली तर आधी त्याच्या पायाला कळावं, आन् गाडी कलंडली तर आधी त्याच्या अंगावर यावी. मामंजी असे चालायचे की बघणाऱ्याला वाटावं, नवरदेवच निघालाय.

तर अप्पा. अप्पा म्हणजे वालूरचे मोठे आडते. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं गोड, डोकं मात्र गरम. त्यांच्या आवारात दर पावसाळ्यात गाड्या रुतायच्या. आपली काळी माती, ओली झाली की बैलाला गुडघ्यापर्यंत गिळती. एकदा तुरीचं पोतं गाडीवरून घसरून चिखलात पडलं ते कुणाच्या ध्यानात आलं न्हाई, आन् आठ दिवसांनी बघतात तर पोत्याला मोड! त्या वर्षी अप्पा हैद्राबादला जाऊन आले, तिथले सिमेंटचे रस्ते बघून आले, आन् त्यांच्या अंगात सिमेंटच शिरलं. सेलूच्या टेसनावर दहा गोण्या मागवल्या. त्या वालूरला आल्या तेव्हा अर्धा बाजार बघायला जमला. एका म्हातारीनं तर अंगारा समजून चिमूटभर कपाळाला लावलं.

"मिस्त्री, ह्ये जमंल का तुमाला?" अप्पांनी इचारलं. "न्हाईतर हैद्राबादचे कारागीर बोलावतो."

"अवो अप्पा, ह्ये तर चुन्याचंच पोरगं," मामंजी म्हणाले. "जन्मभर बापाला हाताळलं, आता पोराला भ्यायचं व्हय?"

त्याच संध्याकाळी अप्पांच्या आवारातल्या खड्ड्यात चार गोण्या ओतल्या. वाळू घातली, पाणी घातलं, फावड्यानं चांगलं कालवलं. वर ओलं गोणपाट टाकलं. मामंजींनी हात धुतले आन् म्हणाले, "मुरू द्या रातभर." कुणाला काही वावगं वाटलं न्हाई. मलाही न्हाई, आता उगं शहाणी कशाला होऊ? मी फक्त त्यातलं एक घमेलं उचललं. घरात रांजणाखालचा ओटा ढासळला होता, तो दिवेलागणीच्या आधी लिंपून टाकला. सकाळी उठले आन् सवयीनं वरवंटा घेऊन चोपायला बसले. उजवी बाजू चोपून झाली, तेवढ्यात आवाराकडून बोंब ऐकू आली. मी वरवंटा टाकला आन् पळाले. डावी बाजू तशीच राहिली.

आवारात बघते तर काय! मामंजी खड्ड्याच्या काठावर उभे. माझ्या नवऱ्यानं गोणपाट काढून पहार मारली होती, आन् पहारीतून ठिणगी उडाली होती. सगळा खड्डा म्हणजे एक अखंड धोंडा. चार गोण्यांचा! बाजार काय, त्याला एवढं पुरे. "मिस्त्रीनं अप्पांच्या दारात महादेव बसवला," कुणीतरी ओरडलं. एका टवाळानं खरंच बेलाचं पान आणून त्याच्यावर ठेवलं. अप्पा देवभोळे, त्यांचं डोकं आणखीच फिरलं.

"बास झालं मिस्त्री! चुन्याच्या माणसानं चुनाच करावा. मी आजच हैद्राबादला तार करतो."

मामंजींनी कमरेची थापी काढली. त्यांच्या बापाची थापी ती, मूठ घासून घासून बोटांच्या मापाची झालेली. ती त्यांनी अप्पांच्या गादीपाशी नेऊन ठेवली.

"दसऱ्यापर्यंत थांबा, अप्पा. दसऱ्याला पाहिजे तेवढी भरून गाडी आत घाला. कोबा धसला न्हाईतर चिरला, तर ही थापी तुमची. मी पुन्हा जन्मात कामाला हात लावणार न्हाई."

टवाळानं ते बेलाचं पान हळूच उचललं. अप्पाही जरा नरमले, पण शब्द तो शब्द. मान हलवली आन् थापी उचलून गादीमागच्या फडताळात ठेवली.

थापी गेली म्हणजे काय गेलं, ते गवंड्याच्या घरात राहिल्याबिगर कळायचं न्हाई. मामंजी त्या दिवशी जेवले न्हाईत. भिंतीला टेकून बसले. थापीवर मिटायची सवय झालेली बोटं आपली उगंच उघडझाप करायलेली. ते बघून मला असं भडभडून आलं की तव्यावरची भाकरी करपली. सासू नेहमी वसकन ओरडायची, त्या दिवशी तिनं ती करपलेली भाकरी आपल्याच ताटात ओढली. चौथ्या दिवसापर्यंत हेच. मामंजी सारखं एकच म्हणायचे, "पण चुकलं कुठं? पाणी बरोबर, वाळू बरोबर, मुरवलं बरोबर. चुकलं कुठं?"

चौथ्या दिवशी मी रांजण भरायला गेले. घागर टेकवली तर ओट्याची उजवी कड मचकन तुटून खाली पडली. नखानं टोकरलं, भुगा. म्हणलं, बघावं तर डावीकडं. तिथं नख काय, कलथ्याचं टोकही शिरंना. लोखंड नुसतं! मी तिथंच खाली बसले. दोन्ही बाजू एकाच घमेल्यातल्या, एकाच संध्याकाळी लावलेल्या, दोन्हींवर रांजणाचं पाणी सारखंच पाझरलेलं. फरक एवढाच, की दुसऱ्या दिवशी उजवी मी चोपली होती आन् डावी राहिली होती. आन् खड्ड्यातलं? ते लावलंच न्हाई, मुरवत ठेवलं, म्हणून खड्ड्यातच दगड झालं. म्हणजे चुन्याला जे जे अमृत, ते ते सिमेंटला ईख! हे सांगायचं कुणाला? मामंजींना. आन् कसं? दाराआडून.

मी पदर सावरला आन् दारामागं उभी राहिले.

"आत्याबाई, मामंजींना सांगा, सिमेंट मुरवायचं नसतंय. चुकलं आपलं."

सासूनं मामंजींकडं तोंड केलं. "सून म्हणायलीय, लावायला जरा उशीर झाला असंल."

"उशीर न्हाई, आत्याबाई. चुकलं म्हणा."

"ती म्हणायलीय, थोडं चुकल्यासारखं झालं."

मामंजी भिंतीकडं बघत म्हणाले, "तिला इचारा, तिला कसं ठावं?"

"रांजणाखालचा ओटा बघा म्हणावं," मी म्हणले. मग मात्र माझा तोल सुटला, मी भडाभडा बोलत सुटले. "कालवलं की लगेच लावायचं. आन् एकदा बसलं की त्याला हात लावायचा न्हाई. मी उजवीकडं चोपलं तर त्याचा भुगा झाला. चोपायचं न्हाई, आत्याबाई. अजिबात चोपायचं न्हाई."

इथं सासू थांबली. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. तिचं सगळं आयुष्य चोपण्यात गेलं होतं. तिचा मान, तिची ओळख, दहा बायांवरची तिची हुकमत, सगळं त्या लाकडी चोपणीत होतं, आन् चोपायचं न्हाई हे तिच्याच तोंडून वदवायला मी निघाले होते. मला वाटलं, आता ही हे फिरवणार. ती मामंजींकडं वळली.

"ती म्हणायलीय, चोपायचं न्हाई."

जसंच्या तसं! माझ्या सासूला मी मनात लय शिव्या घातल्यात, ते काही लपवत न्हाई. पण त्या दिवशी तिच्या पायावर डोकं ठेवावं वाटलं.

मामंजी उठले. सैपाकघरात त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं. मी कोपऱ्यात सरकले, भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. ते रांजणापाशी उकिडवे बसले. डावीकडं टिचकी मारली, उजवीकडं नख लावलं, पुन्हा डावीकडं टिचकी. बराच वेळ तेच. मग रांजणालाच म्हणाले, "पोरगी बरोबर बोलायलीय." आन् तिथंच बसून त्यांनी भाकरी मागितली.

पुढची अक्कल मामंजींची, त्याचं श्रेय मी घेणार न्हाई. सहा गोण्या उरल्या होत्या आन् आवार मोठं. ते म्हणाले, तळाला आपला चुन्याचा कोबा, चांगला सात दिवस चोपलेला, आन् वर सिमेंटखडीचा थर, न चोपता. "म्हंजी माझी चोपणी खाली हायच की!" सासू म्हणाली आन् त्या दिवसापासून तिचा आवाज परत चढला. माझा नवरा बैल घेऊन घाणीवर गेला. आमी चोपलं, बाई काय चोपलं! हातांना फोड आले, फुटले, त्यावर हळद लावून पुन्हा चोपलं. थापी नवऱ्याची वापरत होते मामंजी. ती त्यांच्या हातात नीट बसायची न्हाई, सारखी मूठ बदलायचे.

मग सिमेंटचे दिवस आले. पट्ट्या ठोकून आवाराच्या चौकटी पाडल्या, एका वेळी एकच चौकट करायची. थोडं कालवायचं, लगेच ओतायचं, लगेच सारखं करायचं. पण लगेच म्हणजे किती? घड्याळ होतं अप्पांच्या पेढीवर, ते आमच्या कुणाच्या बापाला कळत होतं? तेव्हा मीच म्हणले, आत्याबाई, चोपायचं गाणं म्हणा. पाणी पडल्यापासून पाच कडवी व्हायच्या आत घमेलं रिकामं झालं पाहिजे. सासूनं गाणं उचललं. आन् मग जी गंमत झाली ती मी मरेपर्यंत विसरणार न्हाई. दहा बाया ओळीनं बसलेल्या, गळ्यात चोपायचं गाणं, आन् हात मांडीवर! एकीनं तर न राहवून चोपणी उचलली. मी अशी ओरडले, "हात आवर गं, भवाने! तिकडं मामंजींची थापी अडकलीय!" ओरडले आन् ध्यानात आलं, मामंजी समोरच उभे हायत. जीभ चावली. मामंजी रांजणाशी बोलले तसे या वेळी आभाळाशी बोलले, म्हणाले, "ऐका रे, काय सांगायलेत ते."

प्रत्येक चौकट बसली की कडेनं मातीची आळी करून पाणी तुंबवून ठेवायचं. हे मला रांजणानं शिकवलेलं, त्याच्या पाझरानंच डावी बाजू लोखंड झाली होती. आडाचं पाणी शेंदून शेंदून माझा खांदा निखळायची वेळ आली. अप्पा आले, बघतात तर आवारभर पाणी. "मिस्त्री, कोबा केला का तळं? मासळी सोडू का?" शेजारच्या वाण्याची एक कोंबडी ओल्या चौकटीवरून चालत गेली, तिच्या मागं मी पायतान घेऊन पळाले. तिची पावलं अजून हायत, फडताळाच्या खोलीसमोर.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असायची. पाटावर ओळंबा मांडला, गुण्या मांडला, चोपण्या मांडल्या. मधली जागा मामंजींनी रिकामी ठेवली. सगळ्यांना हळदकुंकू वाहून झाल्यावर दोन बोटं त्या रिकाम्या जागेवर टेकवली आन् तिथंही कुंकू वाहिलं. सासू डोळे पुसायला लागली. मी हात जोडले आन् मनात म्हणले, देवा, उद्या माझी लाज राख. कारण लाज माझीच होती. मामंजींनी थापी पणाला लावली होती ती स्वतःच्या हिमतीवर, पण कोबा केला होता माझ्या शब्दावर.

दसऱ्याला सकाळी सगळा बाजार फाटकापाशी. अप्पांनी गाडी अशी भरली होती की मागून बघावं तर गाडीवानही दिसंना. जुन्या ज्वारीची पोती, थरावर थर, चाकांना नवी लोखंडी धाव. शब्द तो शब्द, अप्पांनी एकही पोतं कमी केलं नव्हतं. अप्पा गादीवरून उठून आले, थापी त्यांच्या हातात. मामंजींनी पायतान काढलं, डोक्याचा पटका नीट केला आन् गाडीपुढं जाऊन उभे राहिले. गाडीवानानं बैलांच्या शेपटीला हात घातला. तेवढ्यात मामंजींनी हात वर केला. थांब म्हणाले. मागं वळले. आमी बाया फाटकाच्या आत भिंतीशी उभ्या होतो, तिथं बघून सासूला म्हणाले, "सुनेला सांगा, गाडीपुढं हो म्हणावं. कोबा तिचा हाय."

बाजारात कुजबूज उठली. बाईमाणूस, त्यातून सून, भर बाजारात गाडीपुढं! सासूनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं, आन् कमरेवर हात ठेवला.

"तुमीच सांगा की. तुमाला काय तोंड न्हाई?"

मामंजी गडबडले. एवढा मोठा माणूस, पण पटक्याचं टोक चाचपायला लागला. घसा खाकरला. मग माझ्याकडं सरळ बघितलं, पाच वर्षांत पहिल्यांदा.

"पोरी," ते म्हणाले, "पुढं हो."

मी गेले. पदर कपाळावर ओढलेला, खाली फक्त कोबा दिसत होता, आन् मानेवर बैलांचा गरम श्वास लागायलेला. फाटकाबाहेर मातीत चाकं दबक्या आवाजात येत होती. कोब्यावर चढली तशी धाव खणखण वाजायला लागली. एक चौकट गेली. दुसरी गेली. तिसऱ्या चौकटीखाली तो जुना खड्डा होता, तो धोंडा आमी तसाच खाली ठेवून वरून कोबा केला होता. तिथं माझा जीव तळपायात आला. चाक त्याच्यावरून गेलं. खणखण तशीच. मग मी मान वर केली, बाई. पदर सरकला तर सरकू दिला. थेट वखारीच्या पायरीपर्यंत ताठ चालत गेले, आन् वळून बघितलं. गाडी उभी. कोबा कोरडाठाक, नितळ, कुठं चरा न्हाई.

अप्पा स्वतः वाकून प्रत्येक चौकट बघत आले. सगळ्यांसमोर थापी दोन्ही हातांवर घेऊन मामंजींपुढं धरली आन् आपल्या लिंगायत रिवाजानं नमस्कार घातला. "शरणार्थ, मिस्त्री. हैद्राबादला तार करायची गरज न्हाई." मामंजींनी थापी कपाळाला लावली, कमरेला खोचली. मग माझ्याजवळ आले. मी सवयीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"इकडं बघ," ते म्हणाले. "उद्या पेडगावचं काम धरायचंय, ते लोक आलेत बोलवायला. उद्यापासून काय सांगायचं ते मला सरळ सांगत जा. तुझ्या सासूच्या तोंडून फिरून येईस्तोवर सिमेंटचा दगड व्हतोय."